सीताफळ दिवस, ऊस दिवस, पाकीट दिवस : माहितीच्या वाचनाची गोडी लावणारे वर्गातले कार्यक्रम



१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यातल्या शाळा हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा करतात. प्रतिमापूजन होतं, पेटीतली पुस्तकं सतरंजीवर मांडली जातात, मुलं आपल्या आवडीचं पुस्तक घेऊन बसतात. दिवस छानच जातो. पण त्या दिवशी मुलांच्या हातात नेमकं काय असतं, ते एकदा बघा. बहुतेकांच्या हातात गोष्टी असतात. झाडांवरचं, पक्ष्यांवरचं, आकाशावरचं, यंत्रांवरचं पुस्तक सतरंजीच्या कडेला तसंच राहतं. एखादं मूल ते उचलतं, चित्रं बघतं आणि ठेवून देतं.

गोष्टी वाचू नयेत असं अजिबात म्हणायचं नाही. मूल वाचायला लागतं ते गोष्टीमुळेच. पण तिसरीत परिसर अभ्यास सुरू होतो, पुढे विज्ञान, भूगोल, इतिहास येतो, शिष्यवृत्तीच्या पेपरात माहितीचे उतारे येतात. तिथे गोष्ट नसते. मग गोष्टीचं पुस्तक खडाखडा वाचणारं मूल 'पाणी कसे शुद्ध होते?' या पानावर अडकतं. शब्द वाचता येतात, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासक जीन चॉल यांनी चौथीच्या आसपास येणाऱ्या या घसरणीकडे फार पूर्वी लक्ष वेधलं होतं. आपल्या वर्गातही ती रोज दिसते.

या लेखात अशा वाचनाची गोडी लावण्यासाठी वर्गात घेता येतील असे काही विषयवार दिवस सांगते. सगळे आपल्या बीड जिल्ह्यातल्या मुलांच्या ओळखीच्या गोष्टींवरचे आहेत, आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

माहितीचं वाचन वेगळं कसं?

गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावी लागते. माहितीचं पुस्तक तसं वाचायलाच हवं असं नाही. अनुक्रमणिका बघायची, हवं ते पान काढायचं, मथळा वाचायचा, आकृतीतल्या बाणाबरोबर नजर न्यायची, तक्त्याची ओळ आणि रकाना जुळवायचा, अवघड शब्दाचा अर्थ शोधायचा, आणि उत्तर मिळालं की पुस्तक मिटलं तरी चालतं. ही सगळी कौशल्यं शिकवावी लागतात. आपण मात्र मुलाला धडा दिला की पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लावतो.

दुसरं म्हणजे, या वाचनाला वेळच मिळत नाही. अमेरिकेतल्या नेल ड्यूक यांनी २००० साली पहिलीच्या २० वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वर्गांमध्ये माहितीपर मजकुराला दिवसाला सरासरी फक्त ३.६ मिनिटं मिळत होती. आपल्याकडे किती मिनिटं मिळतात, ते एक आठवडा घड्याळ लावून प्रत्येकाने आपापल्या वर्गात मोजून बघायला हरकत नाही.

कार्यक्रम कधी वाचनाचा होतो?

आपल्याकडे दिवस साजरे करायची हौस भरपूर आहे. रांगोळी, तोरण, वेशभूषा, फोटो. मुलांना मजा येते, आणि मजा यायलाच पाहिजे. पण संध्याकाळी हिशेब केला तर कितीदा असं दिसतं, की दिवसभरात एकाही मुलाने एकही पान उघडलेलं नाही.

म्हणून प्रत्येक विषयवार दिवसाला एकच कसोटी लावावी. दिवसाच्या मध्यभागी असा प्रश्न हवा, की ज्याचं उत्तर मुलांना हवं तर आहे, पण ते पान वाचल्याशिवाय मिळत नाही. बाकी सजावट, खाऊ, खेळ त्या प्रश्नाभोवती. आपण उत्तर तोंडी सांगून टाकलं, तर दिवस संपला.

असा प्रश्न सापडायला मुलांना आधीपासून थोडं माहीत असलेला विषय लागतो. ज्याबद्दल काहीच माहीत नाही, त्याबद्दल प्रश्नही पडत नाही. पेंग्विनपेक्षा सीताफळ बरं ते यासाठी.

सीताफळ दिवस (ऑक्टोबर)

बालाघाटाच्या डोंगरांत आणि बांधाबांधावर सीताफळ आपोआप वाढतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दसरा-दिवाळीच्या दरम्यान फळं येतात, म्हणजे वाचन प्रेरणा दिन आणि सीताफळ एकाच महिन्यात. ही जोडी सोडायची कशाला?

*आदल्या दिवशी :* "उद्या प्रत्येकाने सीताफळाबद्दलची एक गोष्ट घेऊन यायची. फळ, पान, बी, फांदी, नाहीतर आजीने सांगितलेली एखादी माहिती." फळ आणायची सक्ती करू नये. ज्याच्याकडे झाड नाही तो माहिती आणतो.

*पहिला टप्पा, तीन रकाने (३० मिनिटे) :* फळ्यावर तीन रकाने आखा : 'माहीत आहे', 'विचारायचं आहे' आणि 'कळलं'. ही पद्धत डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडली आणि जगभरच्या वर्गांत ती वापरली जाते. पहिला रकाना भरायला आपल्या मुलांना पाच मिनिटं पुरतात. डोळे उघडले की फळ उतरवायचं, अढीत घालायचं, बी गिळायची नाही, शेळी पाला खात नाही. सगळं त्यांना ठाऊक असतं. मुलं बोलतात त्याच शब्दांत लिहा.

खरा कस दुसऱ्या रकान्यात लागतो. सुरुवातीला मुलं गप्प बसतात, कारण शाळेत प्रश्न मॅडम विचारतात अशीच सवय असते. तेव्हा पहिल्या रकान्यातलं एक वाक्य घ्यायचं आणि त्याला 'का' जोडायचं. शेळी बाभळीचा काटासुद्धा सोडत नाही, मग सीताफळाचा पाला का सोडते? "कामून मॅडम?" असं एकाने विचारलं की गाडी सुरू होते. मग येतात हे प्रश्न : बी पोटात गेली तर झाड उगवतं का? सीताफळ हे सीतेचं फळ का? रामफळ त्याचा भाऊ आहे का? एका फळात एवढ्या बिया कशा? आजी उवांसाठी बियांची पूड लावते ते चालतं का?

*दुसरा टप्पा, पानातून उत्तर (४० मिनिटे) :* इथे वाचन सुरू होतं. दोन पातळ्यांची पानं आदल्या रात्री हाताने लिहून किंवा टाइप करून ठेवायची. नमुना देते.

पान १, जुळवून वाचणाऱ्या मुलांसाठी :

> सीताफळाचं झाड
> सीताफळाचं झाड लहान असतं. ते डोंगरावर आणि बांधावर वाढतं. त्याला पाणी कमी लागतं.
> फळ कधी उतरवतात?
> फळावर डोळे असतात. डोळे मोठे झाले की फळ तयार होतं.
> फळाच्या आत
> गर पांढरा आणि गोड असतो. बिया काळ्या आणि टणक असतात. बिया खायच्या नाहीत.

पान २, सरळ वाचणाऱ्या मुलांसाठी :

> शेळी पाला का खात नाही?
> सीताफळाच्या पानांत आणि बियांत कडवट व विषारी द्रव्यं असतात. त्यामुळे जनावरं या झाडाला तोंड लावत नाहीत. म्हणूनच कुंपण नसलेल्या डोंगरावरही हे झाड टिकतं.
> सीताफळ आलं कुठून?
> नावात सीता असली तरी हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं आहे. पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आलं, असं मानलं जातं. रामफळही त्याच कुळातलं आणि त्याच भागातलं.
> एका फळात इतक्या बिया कशा?
> सीताफळाच्या एकाच फुलात बीजकोशाचे अनेक छोटे भाग असतात. ते एकत्र वाढून एक फळ होतं. वरचा प्रत्येक डोळा म्हणजे त्यातला एक भाग.
> सावधान!
> बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते.

सूचना एवढीच द्यायची : "आपल्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या मथळ्याखाली असेल ते आधी ओळखा, मग तेवढाच भाग वाचा." संपूर्ण पान वाचायची सक्ती नाही. मुलांना याचंच नवल वाटतं. मथळा बघून उडी मारायची परवानगी त्यांना आधी कुणी दिलेलीच नसते. उत्तर सापडलं की त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायची. "कुठं लिहिलंय, दाखव" हे वाक्य त्या दिवशी जितक्या वेळा म्हणाल तितकं कमीच.

सीताफळ अमेरिकेकडून आलं ही ओळ वाचली की वर्गात गोंधळ उडतो. "खोटंय मॅडम! सीतामाईनं वनवासात खाल्लं होतं." इथे मुलाला दटावू नका. त्याची गोष्ट ही गोष्ट म्हणून सुंदर आहे. 'लोक अशी गोष्ट सांगतात' आणि 'अभ्यासकांनी असं शोधलं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढंच समजावून सांगा. मग विश्वकोशासारख्या दुसऱ्या ठिकाणी तीच माहिती मिळते का, ते सगळे मिळून बघा. एका जागी वाचलेलं दुसऱ्या जागी पडताळायची सवय चौथीतही लागू शकते. पुढे मोबाइलवर आलेला प्रत्येक मेसेज खरा न मानण्याची तयारी इथूनच होते.

*तिसरा टप्पा, बघा आणि लिहा (४० मिनिटे) :* फळ उघडायचं, बिया मोजायच्या, तक्ता करायचा. कोणत्या फळात किती बिया, मोठ्या फळात जास्त असतात का? फळाची आकृती काढून भागांना नावं द्यायची. शेवटी 'कळलं' हा रकाना भरायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तो पुसू नका. कागदावर लिहून भिंतीवर लावा. महिनाभरात कुणीतरी उत्तर शोधून आणतं.

आणि मग सीताफळ खायचं. बिया गोळा करून पावसाळ्यासाठी ठेवायच्या.

ऊस दिवस (जून)

आपल्या जिल्ह्यात वाचनाचा प्रश्न स्थलांतरापासून वेगळा काढता येत नाही. दिवाळी झाली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही आईबापाबरोबर फडावर जातात. परत आल्यावर या मुलांकडे आपण 'मागे पडलेली' म्हणूनच बघतो. पाढे विसरलीत, जोडाक्षरं विसरलीत. खरंही असतं ते. पण त्या सहा महिन्यांत ती काय शिकून आली, हे आपण विचारत नाही.

इथे एक जुना प्रयोग आठवतो. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन अभ्यासकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची चांगली माहिती असलेली मुलं वाचनात पक्क्या, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यांना मजकूर जास्त समजला आणि जास्त आठवला. विषय ओळखीचा असला की कच्चं मूलही मजकुरात शिरतं, असा याचा अर्थ. आपल्या मुलांचा बेसबॉल म्हणजे ऊस.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात हा दिवस घ्या. फडावर जाऊन आलेली मुलं त्या दिवशी गटप्रमुख. काम असं :

१. *शब्दकोश :* फडावरचे शब्द गोळा करायचे. फड, कोपी, मोळी, वाढं, पाचट, कांडी, बेणं, खोडवा, टोळी, मुकादम, टायरगाडी. प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलांनी सांगायचा आणि एका ओळीत लिहायचा. मग अक्षरांच्या क्रमाने लावायचा. शब्द अनुक्रमाने लावताना शब्दकोश कसा बघायचा हे आपोआप येतं. 'वाढं' म्हणजे काय हे अनेक शिक्षकांनाही माहीत नसतं. मूल सांगतं, "उसाचा वरचा हिरवा शेंडा, बैलाला घालत्यात." त्या दिवशी शिकवणारं ते असतं.

२. *वाचन :* उसावरचं एक पान. ऊस हे गवताच्या कुळातलं पीक आहे, ज्वारी आणि मका त्याची भावंडं. शेतात ऊस लावतात तो बी पेरून नव्हे, कांड्या लावून. १०० किलो उसापासून साधारण १० ते ११ किलो साखर निघते. उरतं चिपाड आणि मळी. प्रश्न विचारायचा : "एका मोळीत किती साखर?" मोळीचं वजन मुलंच सांगतील, टक्केवारी न शिकवताही दहावा हिस्सा काढतील.

३. *क्रमाची आकृती :* बेणं ते साखर हा प्रवास चौकटी आणि बाण काढून दाखवायचा. कारखान्याच्या गेटपर्यंतचा भाग मुलांना माहीत असतो. गेटच्या आत काय होतं, ते पानातून वाचून भरायचं.

४. *आपलं पुस्तक :* सगळी पानं शिवून 'आमचा ऊस' हे पुस्तक करायचं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक, लेखकांची नावं, सगळं. वर्गाच्या पेटीत ते छापील पुस्तकांशेजारी ठेवायचं. पेटीतलं सगळ्यांत जास्त हाताळलेलं पुस्तक हेच असतं, हा माझा अनुभव आहे.

एक काळजी मात्र घ्या. उचल किती घेतली, घरी किती पैसे आले, शाळा का बुडाली असले प्रश्न वर्गात विचारू नयेत. मुलाचं ज्ञान वर्गासमोर यावं. घरची अडचण समोर आणायची नाही.

पाकीट दिवस (केव्हाही)

ज्या शाळेत पुस्तकंच कमी आहेत, तिथे हा दिवस घ्या. मुलांनी घरून रिकामी पाकिटं आणायची. बिस्किटाचा पुडा, मिठाची पिशवी, चहाचं पाकीट, जलसंजीवनीचं पाकीट, एसटीचं तिकीट, जुनं लाइटबिल, बियाण्याची रिकामी पिशवी. हीच त्या दिवसाची पुस्तकं.

प्रश्न असे : कोणता पुडा आधी संपवायला हवा? मिठात आणखी काय घातलंय? जलसंजीवनीचं पाकीट किती पाण्यात घालायचं? लाइटबिलात 'युनिट' कुठे लिहिलंय, मागच्या महिन्यापेक्षा कमी का जास्त? मुलं बारीक अक्षरं डोळ्याजवळ नेऊन वाचतात. एरवी दोन ओळींनंतर कंटाळणारं मूल इथे अर्धा तास वाचत बसतं, कारण वस्तू घरची असते.

औषधं आणि फवारणीच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, अजिबात आणायला सांगू नका. त्यांच्यावरची खूण फळ्यावर काढून दाखवा. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी ते विषच, फक्त तुलनेने सौम्य. कापसावर फवारणी करणाऱ्या घरातल्या मुलाने एवढं घरी जाऊन सांगितलं तरी त्या वाचनाचं सार्थक झालं. माहितीचं वाचन परीक्षेपुरतं नाही, हे पालकांना पटवायला यापेक्षा दुसरं उदाहरण लागत नाही.

आणखी काही विषय

*मोर दिवस :* पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. मध्यभागी ठेवायचा प्रश्न : "मोराचा पिसारा म्हणजे त्याची शेपटी का?" उत्तर 'नाही' असं आहे. पिसारा म्हणजे शेपटीच्या वरची लांब वाढलेली पिसं, खरी शेपटी त्याखाली लपलेली असते. पावसाळा संपल्यावर ती पिसं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची आणि १२ तारीख डॉ. सलीम अली यांच्या. दिवाळीची सुटी आडवी आली तर शाळा सुरू झाल्यावर घ्या.

*पाणी दिवस :* २२ मार्च, जागतिक जल दिन. टँकरच्या गावात पाण्यावर वाचायला कुणाला जबरदस्ती करावी लागत नाही. बीड शहराजवळची खजाना विहीर, माजलगावचं धरण, गावातला जुना आड. प्रश्न : "आपल्या हापशाचं पाणी कुठून येतं आणि उन्हाळ्यात का आटतं?" जमिनीखालच्या थरांची आकृती वाचायला शिकवण्याची ही उत्तम संधी.

*विज्ञान दिन :* २८ फेब्रुवारी. भाषणं कमी करून प्रत्येक गटाला एका प्रयोगाची लेखी कृती द्या आणि तोंडी काहीही सांगू नका. पायरी वाचली नाही तर प्रयोग फसतो, मग मूल मागे जाऊन पुन्हा वाचतं. कृती वाचणं हेही माहितीचंच वाचन.

साहित्य कुठे मिळेल?

- *मराठी विश्वकोश* इंटरनेटवर मोफत आहे. नोंदी मोठ्यांसाठी लिहिलेल्या असतात, म्हणून त्या आपण वाचून मुलांसाठी सोप्या भाषेत पान तयार करावं.
- *'किशोर'* हे बालभारतीचं मासिक १९७१ पासून निघतं. जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यातले माहितीपर लेख विषयानुसार वेगळे काढून ठेवा.
- *प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर* या संकेतस्थळावर मराठीतली चित्रमय माहितीपर पुस्तकं पातळीनुसार मिळतात आणि मोफत छापता येतात.
- *अरविंद गुप्ता* यांच्या संकेतस्थळावर विज्ञान खेळण्यांची आणि प्रयोगांची मराठी पुस्तकं आहेत.
- *वर्तमानपत्र.* कलाम साहेब लहानपणी रामेश्वरममध्ये चुलतभावाबरोबर वर्तमानपत्रं वाटायचे. हवामान, बाजारभाव, धरणातला साठा ही सगळी रोज नवी माहिती. मोंढ्यातला कापसाचा भाव मुलांना घरी जाऊन सांगू द्या.

दोनशिक्षकी शाळेत कसं जमवायचं?

आपल्याकडे बऱ्याच वस्त्यांवर पहिली ते चौथीला दोनच शिक्षक असतात. या दिवसांना ते उलट सोयीचंच. विषय एकच, पानं वेगळी. पहिलीची मुलं चित्राला नाव देतील, दुसरी एका वाक्याचं पान वाचेल, तिसरी-चौथी मथळे शोधेल. मोठ्या मुलाने छोट्याला पान वाचून दाखवायचं, छोट्याने त्यातलं एक वाक्य सगळ्यांना सांगायचं. निपुण भारतमध्ये आपल्याकडून तिसरीपर्यंत समजपूर्वक वाचनाची अपेक्षा आहेच, त्यामुळे हा वेळ वाया गेला असं कुणी म्हणू शकत नाही. महिन्याला एक दिवस पुरे. दर आठवड्याला केलं तर शिक्षकही दमतात आणि मुलांची उत्सुकताही जाते.

जमलं का, हे कसं ओळखायचं?

फोटो किती छान आले यावरून ओळखू नका. पुढच्या आठवड्यात हे बघा :

- मुलं पेटीतून त्या विषयाचं पुस्तक मागतात का?
- "कुठं लिहिलंय?" असं विचारल्यावर पान काढून दाखवतात का?
- धडा उघडल्यावर आधी मथळे आणि चित्रं बघतात का?
- कुणी स्वतःहून नवा प्रश्न आणला का?

चारपैकी एक जरी झालं तरी दिवस कामी आला.

पालकांसाठी थोडंसं

स्वतःला वाचता येत नाही म्हणून तुम्ही मागे राहू नका. मुलीला म्हणा, "ह्या पिशवीवर काय लिवलंय, वाच बरं." तिने वाचलं की एक प्रश्न विचारा, "मग कव्हा पेरायचं म्हणतंय?" एवढं रोज झालं तरी शाळेला मोठी मदत होते. आणि तुम्हाला शेतातलं, जनावरांचं, फडावरचं जे माहीत आहे ते शाळेत येऊन सांगा. ते पुस्तकात नसेल तर मुलं ते पुस्तक लिहितील.

निघण्याआधीचं एक काम

सीताफळ दिवस ऑक्टोबरमध्ये घ्यायचं आणखी एक कारण आहे. त्यानंतर काही दिवसांत वर्गातली काही मुलं जाणार असतात. त्यांच्या दप्तरात जाताना तीन-चार पानं द्या. सीताफळाचं पान, उसाचं पान, एक तीन रकान्यांचा कोरा कागद आणि जमलंच तर 'किशोर'चा एक जुना अंक. सांगा, "तिकडं जे नवीन दिसेल ते पहिल्या रकान्यात लिही, पडलेले प्रश्न दुसऱ्यात. तिसरा रकाना तू आल्यावर आपण मिळून भरू." काही कागद हरवतील, काही चुलीत जातील. जे परत येतील, त्यांच्यावरून जूनमधला ऊस दिवस सुरू करायचा.

यंदाच्या वाचन प्रेरणा दिनाला सतरंजीवर पुस्तकं मांडताना मधोमध एक सीताफळ ठेवा आणि शेळीचा प्रश्न विचारा. उत्तर मात्र पानातच राहू द्या.